'थिएटर ऑर्गन'ला मराठीत काय म्हणावं?

– अमेरिकेतल्या मूकपटांच्या काळावरचा मजकूर मराठीत आणतेय. 'थिएटर ऑर्गन'ला 'नाट्य-ऑर्गन' चालेल का? आणि 'स्टॉप'चं, म्हणजे कोणता आवाज वाजवायचा ते निवडायच्या कळीचं, काय करू?

– 'नाट्य' नको हो! आपल्याकडे नाटकातला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला डोळ्यांसमोर येतो. पायाने भाता मारायचा, आत पितळी सूर. तिथलं थिएटर सिनेमाचं आणि वाद्य नळ्यांचं. रॉबर्ट होप-जोन्स हा मूळचा इंग्लंडमधला टेलिफोनवाला. त्याने पट्टी आणि नळी यांच्यामध्ये विजेची तार घातली. त्यामुळे वादक पडद्यापुढे आणि नळ्या भिंतीमागच्या खोल्यांत, असं जमलं. 1910 मध्ये तो वुर्लिट्झर या अमेरिकेतल्या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीत गेला. कंपनी या वाद्याला 'युनिट ऑर्केस्ट्रा' म्हणे. मला विचाराल तर तेच नाव खरं. एका माणसाच्या पगारात अख्खा वाद्यवृंद.

– 'स्टॉप' आहे तसाच ठेवा. पेटीवाले म्हणतातच की, 'खर्जाचा स्टॉप ओढ'. (ओढला की सूर बंद नाही, सुरू होतो, ही गंमत वेगळीच.) फक्त इथे 'ओढला' लिहू नका. घोड्याच्या नालेसारख्या कमानीत रंगीत जिभल्या असतात, त्या बोटाने खाली दाबायच्या. त्यांवरचे 16, 8, 4 हे आकडे फुटांचे. 8 म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीची नळी साधारण 8 फुटांची. 16 म्हणजे त्याखालचं सप्तक. एका प्रकारच्या आवाजाच्या 16, 8, 4 या सगळ्या जिभल्यांना नळ्यांची एकच रांग पुरवायची, म्हणून ते 'युनिट'.

– 'स्वेल शेड्स'ला मी 'पडदे' लिहिलंय.

– सिनेमाच्या लेखात पडदे? वाचक गोंधळेल. 'झडपा' म्हणा. पेटीचा भाता जोरात मारला की आवाज चढतो, तसं इथे होत नाही. पट्टी कितीही जोरात दाबा, नळी तेवढीच वाजते. नळ्यांच्या खोलीच्या झडपा पायाने उघडायच्या, तेव्हा आवाज बाहेर येतो.

– आणि 'टॉय काउंटर'? 'खेळण्यांचा कप्पा'?

– अर्थ पोचत नाही. त्यात खरेच ढोल, झांजा, पक्ष्याची शिट्टी, घोड्याच्या टापा असतात, हवेच्या जोरावर वाजणाऱ्या. 'करामतींचा कप्पा' बघा.

– छान! मग शीर्षक 'मूकपटांचा ऑर्गन' ठेवते.

– न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलचा उल्लेख करणार असाल तर नको. तिथला नळ्यांच्या 58 रांगांचा, दोन कन्सोलांचा (कन्सोल म्हणजे वादक बसतो तो पट्ट्या-जिभल्यांचा भाग) वुर्लिट्झर 1932चा. तोवर बोलपट येऊन पाच वर्षं झाली होती.