नदीतील कयाकिंग: नवशिक्याचा पहिला धडा साठलेल्या पाण्यात असावा की वाहत्या?

काठावरचा:
हवा भरून फुगवायच्या कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होड्या, आता काही हजार रुपयांत घरपोच मिळतात, आणि पावसाची चाहूल लागली की अशी कयाक डिकीत टाकून जवळच्या नदीवर निघालेली मंडळी दिसू लागतात. याबाबत माझे मत चर्चेसाठी मांडतो. ज्याने कयाक कधी हाताळलेली नाही त्याने पहिला हंगाम, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे, धरणाच्या जलाशयातच घालवावा. पवना, मुळशी, पानशेत यांपैकी जिथे परवानगी आणि देखरेख असेल तिथे. नदी त्यानंतर, आणि पावसाळ्यातली नदी तर त्याच्याही नंतर.

कारण साधे आहे. या खेळातली पहिली विद्या वल्हवण्याची नसून उलटलेल्या कयाकमधून शांतपणे बाहेर येण्याची आहे. बंद प्रकारच्या कयाकमध्ये पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती स्प्रे स्कर्ट बसवलेला असतो आणि त्याच्या पुढच्या टोकाला ओढण्यासाठी एक कडे असते. बसताना ते कडे स्कर्टच्या आत दुमडले गेले तर वरून काहीच वावगे दिसत नाही. मात्र कयाक उलटल्यावर डोके पाण्याखाली असताना हात तेच कडे शोधत राहतो. म्हणून काठ सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी ते बाहेर असल्याचे हाताने चाचपून पाहायचे. उलटल्यावर अंग मागे न टाकता पुढे, कयाकच्या दिशेने वाकवायचे, म्हणजे तोंड आणि छाती तळाच्या दगडांपासून वाचतात. कडे आधी पुढे आणि मग वर ओढून स्कर्ट सोडवायचा, दोन्ही हात कमरेपाशी कडांवर टेकवायचे आणि ओली विजार उतरवावी तसे पाय सोडवून घ्यायचे. हे सारे वाचायला सोपे असले तरी नाकात पाणी शिरल्यावर आठवायचे असेल तर ते अंगवळणी पडलेले हवे, आणि त्यासाठी छातीएवढे साठलेले पाणी व शेजारी उभा असलेला जाणता माणूस यांच्याइतकी चांगली शाळा नाही.

वल्हेकरी:
उलटण्याच्या सरावाबद्दल दुमत नाही, परंतु पूर्ण हंगाम जलाशयात घालवण्याचा सल्ला मला अपायकारक वाटतो. साठलेल्या पाण्यावर माणूस वल्हवायला शिकतो, नदी वाचायला शिकत नाही. आणि नदीत बुडण्याची कारणे वल्हवण्यातल्या उणिवांपेक्षा न वाचता आलेल्या पाण्यातच अधिक असतात.

एकच उदाहरण देतो. मोठ्या खडकाच्या मागे पाणी वळून उलट दिशेने फिरते आणि तिथे थांबण्यासारखी शांत जागा तयार होते, तिला या खेळातले लोक एडी म्हणतात. तिथून पुन्हा मुख्य धारेत शिरताना प्रवाहाचा धक्का कयाकच्या वरच्या अंगाला बसतो. जलाशयात तयार झालेला माणूस अशा वेळी सवयीने ताठ बसून राहतो किंवा धक्का ज्या बाजूने आला तिकडेच अंग टाकतो. त्याबरोबर पाणी त्या कडेवर चढते आणि कयाक पालथी होते. तिथे प्रवाहाकडची कड गुडघ्याने उचलून धरावी लागते. खडकावर कयाक आडवी जाऊन टेकली तर याच न्यायाने खडकापासून दूर न जाता खडकाकडेच झुकायचे असते, आणि हे मनाच्या स्वाभाविक ओढीच्या इतके विरुद्ध आहे की वाहत्या पाण्याखेरीज ते कुठेच शिकता येत नाही.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो, हेही जलाशय शिकवत नाही. गुडघ्याच्या वर ओढीचे पाणी असताना उभे राहायला गेलेल्याचा पाय दगडांच्या फटीत अडकला तर तोच जोर त्याला पुढे वाकवून पाण्याखाली दाबून ठेवतो, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. म्हणून पाण्यात पडल्यावर उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटे पाण्याच्या वर, आणि उभे राहायचे ते उथळ, संथ पाण्यात आल्यावरच. माझे म्हणणे असे की अर्धा दिवस साठलेल्या पाण्यात उलटण्याचा सराव करावा आणि त्यानंतर लगेच, प्रशिक्षकासह, सोप्या वाहत्या पाण्यात उतरावे.

पंचगंगाकाठ:
आपण दोघेही रॅपिड, म्हणजे उतारावरचे खळाळते पाणी, आणि खडक हेच नदीतले धोके असल्यासारखे लिहीत आहात. देशावरच्या नद्यांवर, कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, कुठेही, नवशिक्याचा जीव घेणारी जागा आहे ती बंधारा, आणि ती दिसायला नदीतली सगळ्यांत निरुपद्रवी जागा असते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या मधल्या गाळ्यांत बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. पावसाळा संपला की बर्गे बसवायचे आणि पावसाळ्यापूर्वी काढायचे, असा त्यांचा वार्षिक क्रम असतो. बर्गे काही ठिकाणी काढलेले आणि काही ठिकाणी तसेच असतील तर उघड्या गाळ्याकडे पाण्याची जी ओढ लागते ती वरच्या डोहावरून अजिबात जाणवत नाही. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर वेगळाच प्रकार होतो: खाली पडलेले पाणी पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे वळते, आणि त्यात सापडलेले लाकूड, माणूस, कयाक तिथल्या तिथे घुसळत राहते. लाइफ जॅकेट असूनही तिथून सुटका होईलच असे नाही. आणि वरून येणाऱ्या माणसाच्या नजरेला काय दिसते, तर पाण्याची एक आडवी सरळ रेघ आणि तिच्यापलीकडे पुढच्या झाडांचे फक्त शेंडे. ही रेघ दिसली की चर्चा न करता काठाला लागायचे आणि कयाक उचलून बंधारा पायी ओलांडायचा.

त्यातच आमच्याकडे राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात, भोगावती वाढते आणि ते पाणी पंचगंगेत येते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. परंतु हे आकडे काठावरच्या वस्तीसाठी आहेत, नवशिक्या कयाकवाल्यासाठी नव्हेत, कारण त्याच्यासाठी नदी त्याच्या कितीतरी आधीच धोक्याची झालेली असते. तेव्हा जलाशय की नदी हा प्रश्न मी दुय्यम मानते. ज्या टप्प्यावर उतरायचे तो आधी पूर्ण काठाने चालून पाहिला आहे का, हा माझा पहिला प्रश्न.

सुट्टीपुरता:
ताई, आपला मुद्दा मान्य आहे, पण एकूण चर्चा वाचून असे वाटते की सामान्य माणसाने हा नाद सोडूनच द्यावा. आमच्या गावातली मुले कोणतेही प्रमाणपत्र न घेता डोहात उड्या मारत मोठी झाली. मला रॅपिड उतरायचे नाहीत. हिवाळ्यातल्या सकाळी, संथ पात्रात, वरून उघड्या कयाकमध्ये बसून दोन किलोमीटर जायचे आणि परत यायचे आहे. उघड्या कयाकमध्ये स्प्रे स्कर्टच नसतो, त्यामुळे ती उलटली तर माणूस सरळ बाहेर पडतो. त्यासाठी प्रशिक्षकाला पैसे मोजायचे, हंगामभर जलाशयावर जायचे, हे शहरातल्या हौशी लोकांचे चोचले आहेत. नद्या सगळ्यांच्या आहेत, आणि या नियमांच्या भिंती उभ्या राहिल्या की त्या पर्यटन व्यावसायिकांच्या होतील, ही माझी खरी तक्रार आहे.

रोह्याकडचा:
मी कोलाडच्या बाजूला कुंडलिकेवर राफ्टिंगचे काम केलेले आहे, तेव्हा पर्यटन व्यावसायिक म्हणून माझ्याकडे बोट दाखवायला हरकत नाही.

कुंडलिकेचे पाणी समजून घेतल्याशिवाय तिथे कोणी उतरू नये. मुळशी धरणाचे पाणी, ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला तेच, डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते आणि वीज तयार झाल्यावर रवाळजेमार्गे नदीत सुटते. म्हणजे कोलाडची नदी पावसापेक्षा विजेच्या मागणीवर अधिक चालते. पाणी सुटले की कोरडे दगड पाहता पाहता पाण्याखाली जातात, आणि सोडणे थांबले की नदी पुन्हा उतरते. त्यामुळे काल दुपारी पाहिलेली नदी आज सकाळी तीच असेल असे धरून चालता येत नाही. त्या दिवशी पाणी केव्हा सुटणार हे स्थानिक माणसाला विचारूनच उतरायचे. वरचा राफ्टिंगचा टप्पा अवघडपणाच्या सहा श्रेणींपैकी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा आहे, तिथे नवशिक्याने एकट्याच्या कयाकमध्ये जाऊ नये. राफ्टमध्ये गाइडबरोबर बसून आधी तीच नदी पाहावी. रॅपिड संपल्यावर खाली जे पाणी पसरून संथ चालते ते मात्र शिकायला उत्तम आहे, कारण तिथे प्रवाह आहे आणि चूक झाली तरी शिक्षा लहान आहे.

काठावरचा यांच्या जलाशयाबद्दलही एक सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर सह्याद्रीतल्या जलाशयांवर असा वारा सुटतो की फुगवलेली हलकी कयाक पाण्यापेक्षा वाऱ्याचे अधिक ऐकते. सकाळी काठापासून सहज दूर गेलेला माणूस दुपारी परत येऊ शकत नाही, आणि पाणी साठलेले असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत या समजुतीने बहुधा त्याने लाइफ जॅकेटही सोडून ठेवलेले असते. जॅकेटच्या बाबतीत शहाणपण दाखवायचे असेल तर ते घालून पट्टे आवळल्यावर दुसऱ्याला दोन्ही खांदे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते तुमच्या मापाचे नाही, मग भाड्याने देणारा काहीही म्हणो.

वल्हेकरी:
वाऱ्याचा मुद्दा अगदी रास्त आहे. सुट्टीपुरता यांना एवढेच विचारतो, की उघडी कयाक उलटल्यावर माणूस बाहेर पडतो हे खरे, पण पुढे काय? खोल पाण्यात पुन्हा तिच्यावर चढता येते का? पोट कयाकवर टाकायचे, पाय मारत आडवे व्हायचे आणि मग वळून बसायचे, हे दमलेल्या माणसाला पहिल्याच प्रयत्नात सहसा जमत नाही. डोहात उड्या मारणारी मुले तो डोह लहानपणापासून ओळखतात. आपण दोन किलोमीटरमध्ये अनोळखी डोह किती ओलांडाल?

परदेशी पाणी:
मी इंग्लंडमध्ये राहते, त्यामुळे इथली पद्धत सांगते. इथले बरेच क्लब हिवाळ्यात पोहण्याचा तलाव संध्याकाळी भाड्याने घेऊन कयाक उलटण्याचा आणि पुन्हा सरळ करण्याचा, म्हणजे रोलचा, सराव करतात. आपल्याकडे महापालिकेच्या तलावात कयाक घेऊन जाण्याची परवानगी कितपत मिळेल याची मला शंकाच आहे, तरी ज्यांच्या सोसायटीत तलाव आहे त्यांनी विचारून पाहायला काय हरकत आहे?

रोल आल्याशिवाय नदीवर जाऊ नये असे मात्र मी म्हणणार नाही, कारण नवशिक्याला रोलपेक्षा सोबतीची गरज अधिक असते. उलटल्यावर कयाकच्या तळावर हाताने थापा मारायच्या, हात बाहेर काढून पुढे-मागे फिरवत राहायचे, आणि सोबत्याने आपल्या कयाकचे टोक त्या हाताशी आणायचे, म्हणजे त्याच्या आधाराने कमरेतून वळून सरळ होता येते. तीन कयाकपेक्षा कमी असतील तर निघू नये, हा इथला जुना दंडक मला भारतातही योग्य वाटतो.

शिवाय, ज्यांचा ऋषिकेशला शिकायला जाण्याचा विचार आहे त्यांनी थंड पाण्याचा विचार करावा. बर्फाचे पाणी घेऊन येणाऱ्या गंगेत अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, आणि सह्याद्रीच्या कोमट पाण्यात तयार झालेल्या चांगल्या पोहणाऱ्यालाही तो अनुभव नवा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथले राफ्टिंगसुद्धा बंद ठेवतात, यावरून पावसाळ्याबद्दल काय ते समजावे.

काठावरचा:
हंगामाऐवजी अर्धा दिवस, यावर वल्हेकरी आणि माझे एकमत होणे कठीण दिसते. त्यांच्या सूचनेत ‘प्रशिक्षकासह’ हा शब्द सगळा भार उचलून धरतो आहे. तो काढला की त्यांचे वाहते पाणी माझ्या जलाशयापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे ठरते. आणि फुगवायची कयाक घेऊन निघणाऱ्यांपैकी बहुतेकांबरोबर प्रशिक्षक नसतो, हे वास्तव धरूनच मी हंगामाची मर्यादा सुचवली. प्रशिक्षक असेल तर मर्यादा कमी करायला माझी ना नाही. प्रशिक्षक कोण, याबाबत मात्र काटेकोर राहावे. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याची तरतूद आहे. ती नोंदणी विचारावी, आणि थ्रो बॅग कोणाच्या हातात असेल, हेही विचारावे. थ्रो बॅग म्हणजे पिशवीत भरलेली तरंगणारी दोरी. ती गाडीत राहिली असेल तर तिचा उपयोग शून्य.

सुट्टीपुरता:
नोंदणी, प्रशिक्षक, तीन कयाक, थ्रो बॅग. माझी तक्रार मी मागे घेत नाही, परंतु बंधाऱ्याच्या बाबतीत ताईंना एक प्रश्न विचारतो. ज्या टप्प्यावर मी जायचे म्हणतो तिथे खाली एक बंधारा आहे. तो किती दूर असला म्हणजे पुरे?

पंचगंगाकाठ:
अंतरात त्याचे उत्तर देता येणार नाही, कारण बर्गे आणि पाणी बदलले की ओढही बदलते. आपण बंधाऱ्याच्या वर उतरूच नये, त्याच्या खालच्या अंगाला, पाणी पुन्हा संथ आणि उथळ होते तिथून पुढे उतरावे. मात्र पुढचा बंधारा येण्यापूर्वी काठाला लागायची जागा आदल्या दिवशी पायी जाऊन ठरवावी आणि तिथे ओळखू येईल असे फडके बांधून ठेवावे. जाताना प्रवाहाविरुद्ध वर जावे आणि दमल्यावर प्रवाहाबरोबर परत यावे. पहिल्या शंभर मीटरमध्येच वर जाता येईना, तर त्या दिवशी पाणी आपल्यासाठी जास्त आहे. गावातल्या पाटकऱ्याला बर्गे कधी काढणार हेही विचारून ठेवा; त्याला ते सांगता येईल, आणि त्याचे पैसेही पडत नाहीत.