पावसात मोंतेवेर्दे टाळावं का?

पाऊस असेल तर मोंतेवेर्दे (कोस्टा रिकातलं डोंगरावरचं ढगांचं जंगल) कॅन्सल करा, ढगात काही दिसत नाही, हे वर दोघातिघांनी लिहिलंय ते मला नाही पटत. क्वेत्झाल पक्ष्यासाठीच जाणार असाल तर ठीक, आम्हालाही नाही दिसला. पण मी तिथल्या राजधानीत, सान होसेला एक सेमिस्टर शिकायला होते तेव्हा नोव्हेंबरात भर पावसात गेले आणि कोस्टा रिकातला तोच दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. पाऊस थांबला तरी झाडांखाली टपटप चालूच, तेव्हा गाईडने सांगितलं की कॅरिबियनकडून येणारं वारं डोंगर चढताना गार होतं, त्याचे ढग होतात आणि शेवाळं, नेचे, ऑर्किड हे सगळे त्या ढगातलंच पाणी पकडतात. खाली पडलेला शेवाळ्याचा गोळा त्याने माझ्या हातात दिला, नुसता दाबला तर कोपरापर्यंत पाण्याचे ओघळ, आणि आत एक इवलासा किडा वळवळत होता!

अजून एक कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते, १९५१ मध्ये अमेरिकेतून येऊन इथे वसलेल्या क्वेकर (युद्धविरोधी ख्रिश्चन पंथ) कुटुंबांनी पाण्याचा उगम जपायला डोंगरमाथ्यावरचं जंगल तोडलंच नाही, रिझर्व्ह झालं ते नंतर १९७२ मध्ये. ते पाणी कुठून येतं हे बघायचं तर पावसातच जा. फक्त छत्री नको, वाऱ्यात टिकत नाही, पोंचो आणि गमबूट घ्या, आणि कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत.