चित्र आहे, आवाज नाही! टीव्हीच्या स्टिकने केलेला छळ आणि तुमचे उपाय

मंडळी, गेल्या शनिवारी रात्री जेवणंबिवणं उरकून सगळे स्टिकवर (टीव्हीच्या एचडीएमआयच्या भोकात घालतात ती, इंटरनेटवरून पिक्चर दाखवणारी काडी) पिक्चरला बसलो, चित्र एकदम चकाचक आणि आवाजाचा पत्ताच नाही. नावं पडत होती तोवर वाटलं सुरुवात शांत असेल, मग हिरोने तोंड हलवायला सुरुवात केली तेव्हा ट्यूब पेटली. गंमत म्हणजे मेनूत बटण दाबलं की टक टक ऐकू येतं, यूट्यूबवर गाणी मस्त वाजतात, पिक्चर लावला की मुका. व्हॉल्यूम शंभरवर नेला, वायर काढून घातली, शेजारचे काका येऊन "स्पीकर गेलेत, नवीन घ्या" असं सांगून चहा पिऊन गेले. दोन तास गेले. शेवटी सेटिंगमध्ये डिस्प्ले आणि साउंडच्या आत सराउंड साउंड म्हणून एक ओळ होती, तिथे ऑटो होतं ते पीसीएम केलं आणि एकदम एवढा मोठा आवाज आला की पोरगी दचकून रडायला लागली (व्हॉल्यूम शंभरवरच होता ना).

नंतर वाचून जे समजलं ते असं, पिक्चरचा आवाज डॉल्बी डिजिटल प्लस नावाच्या गाठोड्यात बांधून येतो, स्टिकने ते गाठोडं न सोडता तसंच टीव्हीच्या अंगावर टाकलं आणि आमच्या जुन्या टीव्हीला त्याची गाठच सोडता येत नाही. पीसीएम म्हणजे स्टिकनेच गाठोडं सोडायचं आणि टीव्हीला साधा स्टिरिओ द्यायचा. मेनूची टकटक आणि यूट्यूब मुळात साधंच, म्हणून ते ऐकू येत होतं. म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं, दोन डबे एकमेकांशी वेगळ्या भाषेत बोलत होते इतकंच.

तर तुमच्याकडे काय झालं, कशाने जमलं आणि कशाने नाही जमलं तेही लिहा. कंपन्यांची नावं नकोत, उगाच भांडणं लागतात.

कोल्हापुरी ठसका

भावा आमचं लई सोपं निघालं पण निघायला महिना गेला. शांत सीनला आवाज ठीक, मारामारी सुरू झाली की खर्र खर्र आणि कधी कधी स्टिक बंद पडून परत चालू. मी म्हटलं अॅपच भिकार आहे. मग मेव्हणा आला, त्याने मागं वाकून बघितलं आणि म्हणाला दाजी ही टीव्हीच्या यूएसबीला का लावलीय. साध्या यूएसबी २.० पोर्टातून अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकच्या अडॅप्टरवर लिहिलंय ५ व्होल्ट १ अँपिअर. म्हणजे अर्ध्या भाकरीवर पैलवान. सोबत आलेला अडॅप्टर कुठाय विचारलं तर त्याच्यावर आमच्या आईसाहेबांचा मोबाइल चार्ज होत होता. तो लावला, विषय संपला.

चिंचपोकळीची चकली

माझा आवाज यायचा पण मागून यायचा. नवऱ्याला नाइट शिफ्ट, तो दिवसा झोपतो, म्हणून मी ब्लूटूथ हेडफोन लावून सीरियल बघते. ओठ आधी हलतात, शब्द नंतर. नदीच्या पलीकडे धोबी कपडे आपटतो ना, हात खाली आल्यावर मग धप्प ऐकू येतं, अगदी तसं. धोब्याचं चालतं हो पण सासू-सुनेच्या भांडणात नाही चालत.

मी काय केलं, सेटिंगमध्ये ऑडिओ डिले सापडला आणि हुरूप येऊन तो वाढवत बसले. आणखी बिघडलं. डिले म्हणजे उशीर, मुळात उशिरा येणाऱ्याला मी आणखी थांबवत होते! माझ्या भावाने सांगितलं की ब्लूटूथमध्ये आवाज आधी बारीक करून बांधतात, हवेतून पाठवतात, हेडफोन तो परत सोडतो, यात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. प्रसारणवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत म्हणे असं दिलंय की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला खटकतं, पण उशीर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. धोब्यामुळे उशिराची सवय आहे आपल्याला. पण माझा उशीर १२५च्याही पुढचा.

उपाय एकदम गावठी केला. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात तीन मीटरची लांब वायर घातली आणि जुने वायरवाले हेडफोन काढले. आता ओठ आणि शब्द एकत्र येतात, फक्त नवरा पाण्याला उठला की वायरीत पाय अडकतो.

सदाशिव पेठी

वरील ताईंनी लिहिलेलं बरोबर आहे, पण सगळ्या ब्लूटूथला एकाच मापाने मोजू नये. स्टिक आणि हेडफोन दोन्हींकडे कमी उशिराचा कोडेक (आवाज बांधायची-सोडायची पद्धत) असेल तर फरक जवळपास जाणवत नाही. एकाकडे असून उपयोग नाही, दोन्हींकडे लागतो, हे दुकानदार सांगत नाहीत.

माझी कथा वेगळी. वडिलांच्या काळातला अँप्लिफायर आणि लाकडी खोक्यांतले स्पीकर घरात आहेत, आवाज असा की आजचे साउंडबार लाजतील. अडचण एवढीच की त्याला मागे फक्त लाल-पांढरी भोकं आणि नव्या टीव्हीला ऑप्टिकल (आवाज उजेडाच्या रूपात बाहेर पाठवणारं भोक) सोडून काही नाही, हेडफोनचंही भोक नाही. पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो, दुकानदाराने विचारायच्या आत ऑप्टिकलवरून लाल-पांढरं करणारी डबी हातात ठेवली, सोबत केबल. घरी आणून जोडली. शांतता. डबी बदलून आणली. शांतता. केबल काढून डोळ्यांसमोर धरली तर टोकाला लाल उजेडही नाही, म्हटलं टीव्हीचं पोर्टच मेलं. दोन दिवस मी या निष्कर्षावर ठाम होतो आणि घरच्यांना टीव्हीच्या दर्जाबद्दल व्याख्यान देत होतो.

तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, आजोबा याच्यावर टोपी आहे. केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या बारीक टोप्या असतात, टोक खराब होऊ नये म्हणून. एका टोकाची मी काढली होती, दुसऱ्याची, म्हणजे टीव्हीत घालायच्या टोकाची, तशीच. ती टोपी असताना केबल पोर्टात नीट बसतच नाही. टोपी काढली, लाल उजेड दिसला, आणि स्पीकरमधून आला खरखराट! कारण टीव्ही डॉल्बीचं गाठोडं पाठवत होता आणि डबीला फक्त पीसीएम कळतं. टीव्हीच्या डिजिटल आउटपुटला पीसीएम केलं. धागाकर्त्याला जे एका घरात शिकायला मिळालं ते मला एका डबीत मिळालं.

ऑरेंज सिटी

सदाशिव पेठी काका, व्याख्यान वाचून हसून हसून पोट दुखलं नं.

आमच्याकडे साउंडबार आणला आणि टीव्हीचाच आवाज येत राहिला, बार आपला दिवा लावून बसलेला. काहून म्हणून बघितलं तं एचडीएमआयची वायर १ नंबरात होती आणि एआरसी लिहिलेलं भोक होतं २ नंबरचं. सगळी भोकं दिसायला सारखी पण टीव्हीतून आवाज उलटा बाहेर फक्त एआरसीवाल्यातूनच येतो. ही सोय २००९च्या एचडीएमआय १.४ पासूनची हाय, २०१७ला २.१ आलं त्यात ई-एआरसी, ते जास्त जड आवाजही पेलतं. टीव्हीत सीईसी (एचडीएमआयच्या वायरीतून डबे एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू करावं लागते, आणि प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळंच नाव ठेवलेलं राहते त्यामुळं सापडत नाही.

आता भोक बरोबर हाय तरी लाइट जाऊन आली की बार गप्प. सगळे डबे एकदम जागे होतात, एकमेकांची ओळख परेड नीट होत नाही. मग सगळ्यांचे प्लग काढायचे, दोन मिनिटं थांबायचं, आधी टीव्ही, मग बार, मग स्टिक. रिमोटनं बंद करून चालत नाही बावा, प्लगच काढा. उन्हाळ्यात हे रोज करतो.

मखरवाले

आमचं अगदीच छोटं. गणपतीत स्टिकचा रिमोट अर्धाच चालायला लागला, मेनू फिरतो पण आवाज कमीजास्त होईना. सेल बदलले. मग कळलं की रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो पण आवाजाचं बटण थेट टीव्हीच्या लाल डोळ्याला इन्फ्रारेड मारतं, आणि डोळ्यासमोर आमचं थर्माकोल टाळून केलेलं पुठ्ठ्याचं मखर. पाच दिवस उठून बाजूला जाऊन आवाज वाढवला, बाप्पाला कोण हलवणार. रिमोट मेलाय का बघायचं असेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून व्हॉल्यूमचं बटण दाबा, बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका दिसतो.

माइनकाठचा सांगलीकर

मी फ्रँकफर्टला, आईबाबा सांगलीला. बाबांची तक्रार, "लोक कुजबुजतात आणि गाड्या बोंबलतात." संवाद ऐकू यावेत म्हणून ४० वर न्यायचं, की लगेच कुणीतरी बाँब फोडणार, मग धावत १२ वर, रात्री दोघांचं हेच चाललेलं. आईचं मत, बाबांचे कान गेले. बाबांचं मत, हल्लीच्या नटांना बोलता येत नाही. मी व्हिडिओ कॉलवर बाबांना फोन टीव्हीकडे धरायला लावला पण फोन स्वतःच मोठा आवाज दाबतो आणि छोटा वाढवतो त्यामुळे मला सगळं छानच ऐकू येत होतं, आणि अर्धा तास मी त्यांनाच खोटं पाडत होतो.

भारतात गेलो तेव्हा समजलं. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक दणक्याचा, त्यात बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरचं. आमच्या टीव्हीला दोनच, तेही खाली तोंड करून भिंतीला चिकटलेले. मधल्याचं बोलणं त्या दोघांत वाटलं जातं आणि आजूबाजूचा सगळा गोंगाट त्याच दोघांवर येऊन बसतो. पिक्चर लावल्यावर ऑडिओची यादी उघडली तर तीच भाषा दोनदा, एकापुढे ५.१ आणि एकापुढे काही नाही. काही नाही तो निवडला. मग टीव्हीच्या साउंडमध्ये नाइट मोड चालू केला, तो मोठ्याला खाली आणि छोट्याला वर आणतो. आता २० वर ठेवलं की रात्रभर कुणी रिमोटला हात लावत नाही. कानही तपासले म्हणा, थोडे गेलेतच, पण ते आईला सांगितलेलं नाही.

कोल्हापुरी ठसका

सांगलीकर, सांगितलं नाही म्हणता आणि इथं लिहिता. काकू वाचत असतील तर?

घूं घूं

माझ्याकडे स्टिक, टीव्ही, अँप्लिफायर जोडलं की पिक्चर थांबवला तरी खालून घूं... चालूच. एका मित्राने सांगितलं की प्लगची जाडी पिन काढून टाक. काढली आणि घूं बंद झालं. बरं केलं का?

सदाशिव पेठी

अजिबात नाही! ती पिन आजच्या आज परत बसवा. ती अर्थिंगची आहे, आवाजासाठी नाही, जीव वाचावा म्हणून आहे. घूं हा ५० हर्ट्झचा, आपल्या विजेचाच आवाज, दोन डब्यांचं अर्थिंग दोन वाटांनी जमिनीला जातं तेव्हा त्या फेऱ्यात शिरतो. सगळे डबे एकाच स्पाइक गार्डवर घ्या. आणि डिशची किंवा केबलवाल्याची गोल वायर टीव्हीतून फिरवून काढून बघा.

घूं घूं

काका, पिन लावली. केबलची वायर काढताच घूं गेलं, मागच्या वर्षीपासून केबलचं कनेक्शन बंदच आहे, वायर तशीच लटकत होती.

किनाऱ्यावरचं घर

मालवण. खारी हवा. दर पावसाळ्यात आवाज तुटक येतो, एचडीएमआय काढून सुक्या ब्रशने पुसून चार वेळा आतबाहेर केलं की चालतो. अजून कायमचा उपाय सापडलेला नाही, कुणाकडे असल्यास सांगा.

मोडी लिपी

आमच्याकडे आवाज जास्तीचा होता. बाबा निवृत्त इंग्रजीचे शिक्षक, दोन्ही डोळ्यांना कमी दिसतं. एक दिवस आई म्हणाली टीव्हीत एक बाई शिरलीय, नट बोलायचा थांबला की ती इंग्रजीत बोलते, "तो दार उघडतो", "ती खिडकीकडे जाते". मी हसले, मग पाहिलं तर खरंच. पाहुण्यांच्या मुलाने ऑडिओच्या यादीत ऑडिओ डिस्क्रिप्शन निवडून ठेवलं होतं, न दिसणाऱ्यांसाठी असतं ते. बंद केलं, दोन मिनिटांचं काम. तर बाबा म्हणाले ती बाई कुठे गेली, परत आण, महिन्याभरात पहिल्यांदा मला कळत होतं कोण कुठे चाललंय. आता आईला ती नको आणि बाबांना ती हवी. टीव्हीवर एक ट्रॅक आणि हेडफोनवर दुसरा, असं एकाच स्टिकवर होतं का?

सदाशिव पेठी

स्टिक एका वेळी एकच ट्रॅक वाजवते. जुना टॅब असेल तर बाबांना त्यावर तोच पिक्चर त्या बाईसकट लावून द्या, कानाला हेडफोन, आणि टीव्हीवर आईंचा साधा. दोन्हीकडे प्ले एकदम दाबा.

मोडी लिपी

केलं. बाबा तीन सेकंद पुढे आहेत आणि आईला पुढचं सांगतायत.