वेबक्वेस्ट नववीला कसं घ्यायचं? मदत हवी आहे

मंडळी, मी वडोदऱ्यात नववीला सामाजिक शास्त्र शिकवते. बर्नी डॉज या अमेरिकन प्राध्यापकांनी १९९५ मधे सॅन डिएगोला काढलेली ती वेबक्वेस्टची पद्धत आहे ना, म्हणजे मुलांना नुसतं गूगल करा न सांगता एक खरं काम द्यायचं आणि लिंका आपणच आधी निवडून द्यायच्या, ती पहिल्यांदाच करून बघितली. विषय घेतला आमच्या शहरातनं वाहणारी विश्वामित्री नदी, कारण २०२४ च्या ऑगस्टमधला पूर सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे आणि तिच्यातल्या मगरी म्हटलं की मुलं उड्याच मारतात! एक नदीकाठचा रहिवासी, एक नगररचनाकार, एक मगरी वाचवणारा, अशा भूमिका वाटून दिल्या.

पण झालं काय, सगळ्यांनी विकिपीडियावरनं उतरवून आणलं, भूमिका राहिली बाजूला, नगररचनाकार पण मगरीची लांबीच सांगत बसला. चूक बहुतेक माझीच, "माहिती गोळा करा" असं सांगितलं होतं. आता "काठावरची घरं हलवायची का?" असा निर्णयच द्यायला सांगू का? आणि चौघांच्या गटात एकच पोरगी राबते, मग मार्क कसे द्यायचे? लॅबमधे चालू कॉम्प्युटर नऊ, तास पस्तीस मिनिटांचा. कोणी केलंय का हे? तुमचा गुणतक्ता असेल तर प्लीज पाठवा, गुजरातीत असला तरी चालेल.