फूड डिलिव्हरी ॲपमधले फिल्टर: उपवास, जैन, मालवणी, नक्की कसे ठेवावेत?

गोखलेरोड_दादर:
नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्र मिळून एक छोटं डिलिव्हरी ॲप चालवतोय, सध्या दादर, माटुंगा, सायन एवढाच पट्टा. हॉटेलं आणि पोळीभाजी केंद्रं बऱ्यापैकी जोडली गेलीयत पण आता खरी अडचण शोधण्यात येतेय. पहिल्या पानावर व्हेज, रेटिंग ४ च्या वर, ३० मिनिटांत आणि दोघांसाठीचा खर्च असे चार फिल्टर आहेत, लोक ते लावतात, वर-खाली स्क्रोल करतात आणि काही न मागवताच निघून जातात. सर्चमध्ये 'कोळंबी' टाकलं की एक यादी आणि 'प्रॉन्स' टाकलं की वेगळीच. क्युझीनमध्ये मालवणी, गोमंतक, सीकेपी सगळं 'महाराष्ट्रीयन'मध्ये कोंबलंय. मला दोन गोष्टी विचारायच्यात. मुंबईत घरी बसून मागवणाऱ्याला खरंच कुठले फिल्टर लागतात? आणि हे टॅग हॉटेलला लावायचे की पदार्थाला? सगळा डेटा नव्याने भरायला लागला तरी चालेल, पण एकदाच नीट करायचंय.

मुलुंड_ईस्ट:
पदार्थाला लावा, शंभर टक्के. आमच्याकडे संकष्टीला सासूबाईंचा उपवास असतो आणि मुलांना नेहमीचं जेवण लागतं, एकाच हॉटेलातून दोन्ही मिळालं तर डिलिव्हरी चार्ज एकदाच पडतो. मी सध्या वापरते त्या ॲपमध्ये उपवास दाबलं की हॉटेलांची यादी येते, त्यातलं एक उघडायचं, मेनू खालपर्यंत सरकवत न्यायचा, आणि तिथे साबुदाणा खिचडी करड्या अक्षरांत, खाली 'सध्या उपलब्ध नाही'. मागे यावं तर फिल्टर उडालेला आणि यादी परत पहिल्यापासून. दोन-तीन हॉटेलं अशी बघून झाली की माणूस ॲप बंद करून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. तेव्हा फिल्टर लावला की थेट पदार्थच दिसू दे, तोही आत्ता मिळणाराच, आणि मागे आल्यावर मी होते तिथेच मला ठेवा.

अजून एक, उपवास आणि जैन हे दोन कृपा करून एकत्र करू नका. उपवासाला बटाटा, रताळं चालतं, जैनांना कंदमुळं चालत नाहीत. आणि नुसतं कांदा-लसूण नाही म्हणजे जैन नव्हे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारे खूप जण असतात, त्यांना बटाट्याची भाजी चालते. म्हणजे हे तीन वेगळे फिल्टर झाले. अंड्याचंही वेगळं ठेवा, केक मागवताना व्हेज लावून एगलेस येईलच याची खात्री नसते. आणि ज्यांना फक्त शुद्ध शाकाहारी किचनमधलंच चालतं त्यांचा टॅग मात्र हॉटेलला लागेल, तो पदार्थाला लावून उपयोग नाही.

सर्चवाला_ठाणे:
मी सर्चवरच काम करतो म्हणून जरा लांबण लावतो. वरच्या ताईंनी मुद्दा बरोबर पकडलाय, तुमचा इंडेक्स, म्हणजे सर्च ज्या यादीतून शोधतं ती, पदार्थाचा हवा, हॉटेल ही त्या पदार्थाची माहिती झाली. एकदा तसं केलंत की अर्धी भांडणं मिटतात.

कोळंबी-प्रॉन्सचा प्रश्न स्पेलिंगचा नाही, त्याला समानार्थी शब्दांची यादीच लागते, आणि ती तुम्हाला हाताने बनवावी लागणार. कोळंबी, प्रॉन्स, मालवणी हॉटेलात सुंगटं. पापलेट, पॉम्फ्रेट, सरंगा. खेकडा, क्रॅब, कुर्ली. उपवासात वरीचे तांदूळ, भगर, गुजराती मंडळींचं सामो. माटुंग्यात तर अजून दोन-तीन भाषांतली नावं मिळतील. लोकांनी टाकलेले पण एकही रिझल्ट न आलेले शब्द रोज बाजूला काढा, यादी तिथूनच वाढत जाते.

स्पेलिंगचं वेगळं. थालीपीठ रोमनमध्ये लिहिताना कोणी 'आय' लावतं, कोणी दोन 'ई', तिथे फझी सर्च, म्हणजे एखाद-दुसरं अक्षर चुकलं तरी जुळवून घेणारा, कामाला येतो. पण लहान शब्दांना तो सरसकट लावू नका. इलॅस्टिकसर्च या सर्चच्या सॉफ्टवेअरमध्ये फझीनेस 'ऑटो' ठेवला तर तीन ते पाच अक्षरांच्या शब्दात एक अक्षर चुकलेलं चालवून घेतो, आणि रोमनमध्ये वडा आणि वडी यात एकाच अक्षराचा फरक आहे. वडा मागणाऱ्याला अळूवडी पहिली दिसायला नको, म्हणून तंतोतंत जुळणारं कायम वर.

फिल्टरांचं गणित असं ठेवा की एकाच गटात 'किंवा', दोन गटांत 'आणि'. मालवणी आणि गोमंतक दोन्हीवर टिक केली तर दोन्हीतलं काहीही दाखवा, पण मालवणी आणि ३० मिनिटं म्हटलं तर दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. प्रत्येक पर्यायासमोर किती पदार्थ उरतील तो आकडा द्या, शून्य असेल तर तो पर्याय फिका करा. रेटिंगला सरळ सरासरी नको, ६ जणांनी ५ दिलेलं हॉटेल हजार जणांनी ४.३ दिलेल्याच्या वर बसतं. मतं कमी असतील तर आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढायचा, बेझियन ॲव्हरेज म्हणतात त्याला.

आणि अंतर सरळ रेषेत मोजत असाल तर आजच बंद करा! दादरला ईस्ट-वेस्टमध्ये नकाशावर हाकेचं अंतर दिसतं पण बाइकला टिळक पूल चढून यावं लागतं. सायनचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पाडकामासाठी बंद केला तेव्हा धारावीच्या बाजूला जायला केवढा वळसा पडायला लागला. '३० मिनिटांत'चा फिल्टर रस्त्याच्या अंतरावर आणि त्या वेळच्या किचनच्या गर्दीवर चालला पाहिजे.

खानावळ_गिरगाव:
आता आमची बाजू. टॅग भरणार कोण? आम्हीच. आणि फॉर्म येतो दुपारी बाराला, जेव्हा गल्ल्यावर मीच आणि फोनवर पण मीच. एका पदार्थाला पन्नास चौकोन देऊ नका, चार-पाचच प्रश्न विचारा, बाकी तुम्ही भरून आमच्याकडून फक्त बरोबर का ते विचारून घ्या.

सगळ्यात गरजेचं काय तर मोठं 'आज आहे / आज नाही' बटण, एका बोटाने दाबता येईल असं. माशाचं रोज बदलतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं पापलेट कुठून आणणार, पण मेनूत ते बारा महिने दिसतं आणि गिऱ्हाईक आमच्यावर चिडतं. भावही रोज हलतो, तो आम्हाला सकाळी बदलता आला पाहिजे.

दोघांसाठीचा खर्च काढून टाका. माझ्याकडे थाळी एका माणसाची असते, सुरमई थाळी आणि व्हेज थाळी यात दुपटीचा फरक, मग दोघांसाठी म्हणून मी काय लिहू? पदार्थाची किंमत घ्या आणि पॅकिंग, ५ टक्के जीएसटी धरून हातात पडेपर्यंतच्या रकमेवर फिल्टर लावा.

आणि मालवणी, गोमंतक, सीकेपी, पाठारे प्रभू, आगरी-कोळी हे वेगळे करा म्हणजे कराच. त्यांची वाटणं वेगळी, मसाले वेगळे. नुसतं 'सीफूड' म्हटल्यावर मंगलोरी गस्सी आणि आमचं तिरफळाचं बांगड्याचं सार एकाच ओळीत येतं.

गोखलेरोड_दादर:
सगळ्यांचे खूप आभार, बरंच काही कळलं. पदार्थाचा इंडेक्स आणि 'आज आहे' बटण याच आठवड्यात घेतोय, दोघांसाठीचा खर्च काढतोच. दोन शंका राहिल्या. एकाच किचनमधून चार-पाच नावांनी विकणारे आहेत, त्यामुळे बिर्याणी शोधली की सगळी यादी त्यांचीच. आणि जैन टॅगवर विश्वास कसा ठेवायचा?

सर्चवाला_ठाणे:
पहिल्याचं सोपं आहे. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा, १४ अंकी परवाना जागेप्रमाणे असतो, त्या नंबरवरून गट करा. एका नंबरचा एकच पदार्थ वर दाखवायचा, बाकीचे 'याच किचनमधून' खाली.

खानावळ_गिरगाव:
जैनचं मी सांगतो. पंजाबी भाज्या देणाऱ्या बऱ्याच किचनमध्ये कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही सकाळीच करून ठेवलेली असते, ऑर्डर आली की त्यातच पनीर पडतं. त्यातून नंतर कांदा काढता येत नाही, जैन करायचं तर ग्रेव्ही वेगळी लावावी लागते. म्हणून हॉटेलला 'जैन आहे का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. ग्रेव्ही वेगळी तयार असते का, ते विचारा. 'तयार जैन' आणि 'सांगितल्यावर जैन' असे दोन पर्याय ठेवा आणि दुसऱ्याला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील हे गिऱ्हाइकाला पैसे भरायच्या आधी दाखवा.