'हिट'ला मराठीत काय म्हणायचं?

पुतण्या पुण्याला शिकतो. सुट्टीत रावेरला आलाय. मोबाइलवरची वादळाची इंग्रजी बातमी सगळ्यांना मराठीतून सांगताना म्हणाला, "वादळाने केळीला हिट केलं." दादा खाटेवरूनच म्हणाले, "म्हणजे केळीचा पिक्चर चालला का रे?" हसलो खरे, पण चपखल शब्द मलाही सुचेना. सांगा कुणी.

– फटका. 'केळीला वादळाचा फटका', मे-जूनमध्ये पेपरात असतोच.

– फटका इथे ठीक, पण सगळीकडे चालत नाही. बॅटने मारला तर टोला, गाडीने मारली तर धडक. इंग्रजी हिट मारणाऱ्याच्या बाजूने बोलतं. आपण बहुतेक वेळा सोसणाऱ्याच्या बाजूने बोलतो: ऊन लागलं, ठेच लागली, चटका बसला. अहिराणीतही भूक येऊन लागतेच, 'माले भूक लागनी'.

खरी गंमत पुढे आहे. हिट इंग्रजीत आला जुन्या नॉर्स भाषेतून. तिथला 'हित्ता' म्हणजे गाठ पडणे, सापडणे. मारणं नंतर चिकटलं. म्हणून 'हिट द रोड' म्हणताना रस्त्याला कुणी बडवत नाही. आपण वाटेला लागतो तसंच ते. 'हिट अपॉन' म्हणजे हाती लागणे. भुसावळहून बऱ्हाणपूरच्या गाडीत बसलं की आधी निंभोरा लागतं, मग रावेर; हे 'लागतं' सांगायलाही इंग्रज हिटच वापरतो. दोन्ही शब्दांचा फिरण्याचा रस्ता इतका सारखा की माझं मत 'लागणे'ला.

– मग हिट पिक्चरचं काय? टॉकीजला पिक्चर 'लागतो', तो तिसऱ्या दिवशी उतरला तरी लागलेलाच असतो. तिथे हिटला हिटच राहू द्या. आणि 'यंदा हिट फार वाढली' म्हणणाऱ्यांना यात ओढू नका, ती 'हीट' वेगळी. पण जळगावच्या ४५ अंशांत दीर्घ ई कोण काढत बसणार?

– पुतण्याचा काका परत आलोय. दादांना 'लागणे' वाचून दाखवलं. म्हणाले, "वाटेला लागणं बरोबर आहे. पण केळीला वादळ लागलं असं कोण बोलतं? निसवलेली, घड धरलेली बाग आडवी झाली म्हण. वादळाचं नाव घ्यायची गरजच काय, ते सगळ्यांनी पाहिलंय."