मे महिन्यातल्या शर्यती बंद करायच्या की भाषणं?

फुटाळा_पहाट

दोन दिवसांपासून नागपुरातल्या धावणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरतोय. सारांश असा: ‘क्लबने एप्रिल-मेमधल्या रविवारच्या १० किमी रोडरेस ताबडतोब बंद कराव्यात. ४५ डिग्रीत माणसं पळवणं हा गुन्हा आहे. कोणी मेल्यावर जाग येणार का?’ खाली अंगठेच अंगठे. त्यातले निम्मे लोक मार्च उजाडला की बूट माळ्यावर टाकतात, हे मला नावानिशी माहीत आहे.

४५ डिग्री दुपारी तीनला असतात. तेव्हा आपल्याकडे कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. पहाटे पाचला पारा २८-२९ च्या आसपास आणि हवा कोरडी ठाक. मेमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास वर येतो. पाचला सोडलं तर बहुतेक जण सव्वासहापर्यंत पोहे खात असतात. रेंगाळणारेही साडेसहाच्या आत.

आता गेल्या रविवारी काय झालं ते सांगतो, कारण अंगठेवाल्यांपैकी किती जण तिथे होते देव जाणे. छापील वेळ ५:१५. पावणेपाचपासून झुंबा. मग कळलं, प्रमुख पाहुणे निघाले आहेत. मग पाहुणे आले. मग रोपटं देऊन सत्कार, प्रायोजकाचा सत्कार, प्रायोजकाच्या भावाचा सत्कार. मग ‘मी जास्त वेळ घेणार नाही’ हे वाक्य. झेंडा हलला ६:०५ ला. शेवटची मंडळी साडेसातला लेडीज क्लब चौकात, डोक्यावर ऊन, आणि पाण्याचं शेवटचं टेबल आवरलेलं, कारण पोरांना साडेसहापर्यंतच थांबायला सांगितलं होतं.

म्हणजे ऊन आलं नाही, आपण उन्हापर्यंत चालत गेलो.

ही मालिका दीडशे रुपयांत होते. पदक नाही, टीशर्ट नाही, छातीला नंबर आणि शेवटी तर्री-पोहे. हिवाळ्यात याच अंतराला हजार-बाराशे मोजतो आपण. सगळ्यांना परवडेल अशी हीच एक गोष्ट उरली आहे. शर्यत बंद करा म्हणायला काही लागत नाही. पाहुण्यांना ‘साहेब, तुम्ही शेवटी बोला’ म्हणायला लागतं. ते कोण म्हणणार?

साठच्या_आत

तो संदेश माझा. बूट माळ्यावर टाकणाऱ्यांत मला मोजू नका, मी बारा महिने धावतो.

मागच्या वर्षी माझ्या ऑफिसातला मित्र याच मालिकेत आठव्या किलोमीटरला वाकडातिकडा धावायला लागला. नाव विचारलं तर काहीतरी भलतंच बरळला. ॲम्ब्युलन्स होती, ड्रायव्हर चहाला गेला होता. दोन दिवस आयसीयू. त्याच्या बायकोला फोन मी केला होता. तुमचा ‘पारा २८’ तिला सांगून बघा.

खारघरला एप्रिल २०२३ मध्ये पुरस्काराच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली, विसरलात? तिथे लोक नुसते बसले होते. बसले होते! शिकागोवाल्यांनी २००७ मध्ये ऑक्टोबरात उकाडा वाढला म्हणून मॅरेथॉन अर्ध्यात थांबवली. आणि आपण नवतपाच्या तोंडावर हौशी माणसं रस्त्यावर सोडतो.

फुटाळा_पहाट

मित्राचं वाईट वाटलं, मनापासून. पण तो किती वाजता पडला ते तुम्ही लिहिलं नाही. खारघरचं उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. तिथे लोक पहाटे धावायला नव्हते गेले, भर उन्हात तासन्‌तास कार्यक्रम ऐकत बसले होते.

साठच्या_आत

सव्वासातला पडला. झालं समाधान?

ठाण्याची_घामाघूम

विदर्भातल्या मंडळींनी उन्हाचा गर्व थोडा कमी करावा ही नम्र विनंती. मेमध्ये आमच्याकडे पहाटे पाचलाही २८ असतात, पण हवेत दमटपणा ८० टक्के. घाम सुटतो आणि अंगावरच राहतो, वाळत नाही. तुमचा वाळतो, म्हणून अंग गार होतं. मी एका मे महिन्यात बहिणीकडे धरमपेठेत राहून रोज सेमिनरी हिल्सला धावलो. ठाण्यापेक्षा सोपं गेलं. शपथेवर सांगतो.

गोरेवाडा_ट्रेल

भाऊ, तुम्ही सात वाजेपर्यंत थांबून पाहाचं होतं. मग शपथ कोणाची घेतली असती ते सांगा.

ओपीडी_धंतोली

दोघेही अर्धंच सांगताहेत. नुसता पारा बघून चालत नाही. तापमान, दमटपणा, ऊन, वारा मिळून जो आकडा निघतो तो डब्ल्यूबीजीटी. २८ च्या वर गेला तर शर्यत नको, हा जुना दंडक. कोरड्या हवेमुळे नागपूरची पहाट त्यात सहज बसते, ठाणेकरांचं म्हणणं तिथवर बरोबर. पण सूर्य वर आला की हाच आकडा झपाट्याने चढतो, आणि गोरेवाडावाले तेच सांगताहेत. मोजायचं यंत्र हातात मावतं. क्लबकडे आहे का? ड्रोन आहे, ते मी पाहिलं आहे.

दुसरं, ‘दहाच किमी तर आहे’ असं म्हणू नका. उष्माघात छोट्या अंतरात जास्त फसवतो, कारण माणूस जोरात पळतो आणि शरीरात उष्णता भराभर तयार होते. अमेरिकेत फालमाउथला दर ऑगस्टमध्ये ७ मैलांची रोडरेस होते, म्हणजे ११ किमीच्या जरा वर. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले आणि सगळे वाचले. युक्ती काय? टबात बर्फाचं पाणी, त्यात माणूस गळ्यापर्यंत, आणि तेही जागेवरच. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. आपल्याकडे उलटं: आधी ॲम्ब्युलन्स शोधा, मग ट्रॅफिकमधून न्या, मेंदू तोवर शिजतोय.

बर्फाच्या चार लाद्या आणि मोठा टब. झुंबाच्या स्पीकरच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडेल.

साठच्या_आत

डॉक्टर, २७४ जण पडले हा तुम्हाला शर्यतीच्या बाजूचा पुरावा वाटतो?

ओपीडी_धंतोली

पडणार हे धरून तयारी केली, याचा पुरावा वाटतो. तुमच्या मित्रासाठी टब असता तर कदाचित आयसीयू टळलं असतं. आणि त्या वेळी आपण दोघेही तिथेच उभे होतो, म्हणून जास्त बोलत नाही.

सिव्हिल_लाइन्स_रहिवासी

मी धावत नाही. वॉकर्स स्ट्रीटजवळ राहतो एवढाच माझा गुन्हा. तुमचं ऊन, घाम, टब, सगळं तुम्हाला लखलाभ. रविवारी पावणेपाचला माझ्या खिडकीखाली ‘हात वर! नागपूर, आवाज येत नाहीये!’ का? रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, नियम २००० सालचा आहे. आई ८६ वर्षांची, रात्रभर झोप नसते, पहाटे डोळा लागतो. मागच्या रविवारी मी खाली येऊन सांगितलं तर एका स्वयंसेवकाने मला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाला, ‘काका, तुम्ही पण या ना.’

फुटाळा_पहाट

काका, तुम्ही तर माझं कामच करून टाकलं. पाचला शर्यत सोडायची, सहापर्यंत माइक बेकायदा. म्हणजे झुंबा नाही, सत्कार नाही, दोन शब्द नाहीत. शिट्टी वाजवा आणि सोडा. तक्रार लेखी द्या, सही मी करतो.

सिव्हिल_लाइन्स_रहिवासी

शिट्टीसुद्धा जरा हळूच.

गुडघे_गेले

मूळ मुद्दा सगळे सोडताहेत. सिमेंट रस्ते! डांबर होतं तेव्हा माझी नडगी कधी दुखली नाही. आता तेच सिमेंट दिवसभर तापतं आणि रात्रभर ऊब सोडतं. पहाट गार होईल कशी? याच्यावर कोणी लिहील का?

गोरेवाडा_ट्रेल

तुम्ही दरवेळी लिहिताच की.

काटोल_रोड_कोच

‘सगळ्यांना परवडेल’ वाचून हसू आलं, म्हणून लिहून राहिलो. सगळे म्हणजे कोण?

माझ्याकडं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी आहेत. पहाटे चारला हायवेच्या कडेनं पळतात. मोबाइलचा टॉर्च हातात, मागून ट्रक. पोरायले १६०० मीटर, पोरीयले ८०० मीटर, मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण त्या एका धावण्याचे. दिवाळीपासून तुमच्या शर्यतीत येत होती. बक्षिसाचे हजार-दोन हजार म्हणजे त्यायच्यासाठी महिन्याचं दूध-अंडी.

यंदा क्लबनं नियम काढला: रोख बक्षीस फक्त सभासदाले. सभासदत्व वर्षाचं तीन हजार. माझी एक पोरगी एप्रिलमध्ये बायांमध्ये पहिली आली, फाटक्या बुटात. मंचावर नाव पुकारलं दुसरीचं. ते बी माइकवरून, काका, तुमच्या खिडकीखाली. परतीच्या एसटीत पोरगी एक शब्द बोलली नाही.

उन्हानं कोण मरते ते तुम्ही ठरवा. आमच्या पोरायले ऊन नवीन नाही.

साठच्या_आत

कोच, हा नियम मागणाऱ्यांत मी होतो, लपवत नाही. क्लबच्या लोकांनी वर्षभर वर्गणी द्यायची, टेबलं लावायची, सकाळी तीनला उठून कोन मांडायचे, आणि बक्षीस दर रविवारी गाडी भरून बाहेरून येणाऱ्यांनी न्यायचं? आज नागपूर, पुढल्या रविवारी वर्धा, त्याच्या पुढल्या रविवारी अमरावती. धंदा झाला हा. चाळिशीतला बँकेतला माणूस २२ वर्षांच्या पोराला कसा हरवणार?

काटोल_रोड_कोच

हरवू नका! कोण म्हणते हरवा? बँकेतल्या माणसाले दोन हजाराची गरज काऊन पडली ते सांगा. धंदा म्हणता? त्या पोरीचा बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मजुरी करते. एकदा तुमच्या गाडीतून आमच्या गावाले या, धंदा दाखवतो.

साठच्या_आत

गरिबी दाखवून नियम बदलत नसतात. दर वेळी हेच.

वर्धा_वरून

वर्ध्याचं नाव घेतलं म्हणून बोलतो. आमच्याकडे खुला गट वेगळा आणि वयोगट वेगळे असतात. ४५ च्या वरच्या गटात माझा तिसरा नंबर आला आणि स्टीलचा डबा मिळाला. घरी त्या डब्याची जेवढी किंमत झाली, तेवढी कोणत्या पदकाची झाली नाही. कोणी कोणाच्या ताटातलं ओढलं नाही. इतका साधा उपाय तुम्हाला का सुचत नाही?

ठाण्याची_घामाघूम

वयोगटाने भागत नाही. आमच्याकडे आधार कार्डावरच्या जन्मतारखेवरून मारामारी झाली होती. शिवाय बायकांचं बक्षीस पुरुषांच्या निम्मं, त्यावर कोणी बोलत नाही.

धावती_आई

मी बोलते. नागपूरच्या या मालिकेतही तेच चालू आहे. पुरुष पहिला ३०००, बाई पहिली १५००. कारण विचारलं तर ‘बायका कमी येतात’. पहाटे साडेतीनला घरातून एकटीने निघून गाडी अंधारात लावायची. मोबाइल टॉयलेट एक, त्यात पुरुषांची रांग. येतील कशा? कोच, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. तिचं नाव पुकारलं नाही तेव्हा मी मंचासमोरच होते आणि आम्ही काही जणींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढंच केलं, ते पुरेसं नव्हतं.

आणि फुटाळा_पहाट, पाचची वेळ ऐकायला छान आहे. चारला पोचायचं म्हणजे आमचा रविवार शनिवारी रात्रीच सुरू होतो. वेळ अलीकडे आणणार असाल तर पार्किंगला दिवे लावा, पोलिसांना सांगा, नुसतं थंड हवेचं कौतुक नको.

रात्रीचा_राजा

मग रात्रीच ठेवा ना शर्यत! नऊ वाजता, दिव्यांत. दोहाला जागतिक स्पर्धेची मॅरेथॉन मध्यरात्री झालीच की.

ओपीडी_धंतोली

झाली, २०१९ मध्ये. बायकांच्या शर्यतीत ६८ जणी सुटल्या, ४० पोचल्या. बाकीच्यांतल्या काही व्हीलचेअर आणि स्ट्रेचरवर. आणि आपल्याकडे मेमध्ये रात्री नऊला पहाटेपेक्षा जास्त गरम असतं. दिवसातली सर्वांत थंड वेळ सूर्योदयाच्या आधीची. यात मत नसतं.

गुडघे_गेले

सिमेंट!!

साठच्या_आत

ठीक. मैदान माझ्या विरोधात आहे हे दिसतंय, तरी ‘बंद करा’ हे मी मागे घेत नाही. तुम्हाला घ्यायचीच असेल तर: पाचला सुरुवात, डॉक्टर म्हणतात तो टब, सव्वासहाला सातव्या किमीच्या आत असलेल्यांना टेम्पोत बसवायचं, रडले तरी. आणि आकडा २८ च्या वर दिसला तर तिथल्या तिथे रद्द, पैसे परत नाहीत. यातलं एक जरी गळलं तरी मी मनपाकडे अर्ज देणार. बक्षिसांचं मात्र वेगळं, त्यात मला ओढू नका. खुला गट करायचा तर प्रायोजकाने पैसे द्यावेत, वर्गणीतून नको.

काटोल_रोड_कोच

मोठं मन, साहेब. खुला गट होईल तेव्हा होईल. एप्रिलचे त्या पोरीचे १५०० कोणत्या खात्यात जमा होऊन राहिले ते आधी सांगा.

फुटाळा_पहाट

कोच, तो प्रश्न शनिवारच्या बैठकीत मांडतो. सात वाजता, क्लबच्या खोलीत. तुम्हीही या. सभासद नसाल तर दारात अडवतील, माझं नाव सांगा.

काटोल_रोड_कोच

शनिवारी सातला मैदानावर पोरायची चाचणी आहे. तुमची बैठक वेळेवर सुरू होणार असंल तर साडेसातपर्यंत थांबतो, त्याच्या पुढं नाही.